दोषाचा माग

मुंबईच्या कापडधंद्याचे नाव निघाले म्हणजे परळ-लालबागच्या गिरण्यांच्या चिमण्या आणि पहाटेचे भोंगे यांचेच स्मरण होते, आणि ते स्वाभाविकही आहे. परंतु मागावरून उतरलेले कापड अंगावर घालण्याजोगा कपडा होईपर्यंत ज्या पारखेतून जाते, त्या पारखेची काही प्रमुख ठाणी उपनगरांत आहेत, याची जाणीव खुद्द मुंबईकरांनाही क्वचित असते. घाटकोपरच्या पश्चिमेस, पूर्वीच्या आग्रा रोडवर, म्हणजे आजच्या लालबहादूर शास्त्री मार्गावर, १९५४ साली स्थापन झालेल्या बॉम्बे टेक्स्टाइल रिसर्च असोसिएशनच्या प्रयोगशाळा आहेत. अंधेरीच्या पूर्वेस मरोळच्या औद्योगिक वसाहतीत भारतीय मानक ब्यूरोचे ‘मानकालय’ उभे आहे. आणि या दोहोंच्या दरम्यान चकाला, साकीनाका, कुर्ला या पट्ट्यातील इंडस्ट्रियल इस्टेटींच्या गाळ्यांतून, जिना चढताना पायाखाली चिंध्या आणि कानांत ओव्हरलॉक यंत्रांचा घरघराट अशा वातावरणात, शर्ट, कुर्ते, झबली आणि परकर रोज शिवून निघत असतात. प्रयोगशाळेतील शास्त्र आणि गाळ्यातील कारागिरी ही इतकी शेजारी नांदत असूनही एकीचा लाभ दुसरीस किती मिळतो, हा विचार या प्रकरणाच्या मुळाशी आहे.

कपड्याचा दर्जा राखणे म्हणजे वाईट माल वेचून बाजूस टाकणे, अशी सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुतः वेचणे हा या विद्येचा केवळ आरंभ होय. शर्टाच्या बगलेतील शिवण उसवली, हे सांगण्यास शास्त्र लागत नाही, डोळे पुरतात. ती का उसवली, तो दोष सुईचा, धाग्याचा, कापडाचा, यंत्राच्या ताणाचा की शिवणाऱ्या हाताचा, आणि तो उद्याच्या शर्टात येऊ नये म्हणून आज काय करावयास हवे, हे ठरविण्यास मात्र शास्त्रही लागते आणि न्यायबुद्धीही लागते. न्यायबुद्धी हा शब्द मी जाणूनबुजून वापरला आहे, कारण या धंद्याचा इतिहास पाहिला असता दोष सापडण्याची पंचाईत फारशी कधी पडलेली दिसत नाही. पंचाईत पडली ती सापडलेला दोष कोणाच्या दारात टाकावा याची.

ईस्ट इंडिया कंपनी सुरतेस आणि पुढे मुंबईस वखारी घालून कापडाची खरेदी करू लागली, तेव्हा दलालांशी करार होत ते नमुन्यावर होत. ठरलेल्या पोताचा, लांबी-रुंदीचा आणि रंगाचा तुकडा वखारीत ठेवलेला असे. माल आला म्हणजे तो त्या तुकड्याशी ताडून पाहिला जाई, त्याची प्रतवारी लावली जाई, आणि उतरत्या प्रतीच्या मालाची किंमत कापली जाई किंवा तो परत धाडला जाई. तोट्याचा भार दलालावरून सरकत सरकत शेवटी विणकराच्या माथी येई, हे सांगावयास नको. आज अंधेरीच्या एखाद्या निर्यातदाराच्या कचेरीत गेल्यास, परदेशी खरेदीदाराने पसंत करून सही-शिक्क्यानिशी परत पाठविलेला ‘सील सॅम्पल’ कपाटात टांगलेला दिसतो, आणि पुढील सारा व्यवहार त्यास प्रमाण मानून चालतो. साडेतीनशे वर्षांत साधने पुष्कळ बदलली. मोहोरबंद नमुन्याचा हा शिरस्ता बदललेला नाही.

१८५४ साली कावसजी दावर यांनी ताडदेवला बॉम्बे स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी काढली आणि मुंबईत गिरण्यांचे युग सुरू झाले. गिरणीत कापड तपासण्याचे स्वतंत्र खाते असे, आणि तेथे डाग, छिद्र, तुटलेले उभे धागे, विरळ किंवा दाट झालेले आडवे धागे असे दोष सापडले म्हणजे ते ज्या विणकराच्या मागावरून आले, त्याच्या नावे लिहिले जात. पुढची गोष्ट अधिक कठोर होती. खराब झालेले कापड विणकरानेच घ्यावे आणि त्याची किंमत त्याच्या पगारातून वळती व्हावी, अशी वहिवाट मुंबईच्या गिरण्यांत रूढ होती. त्या कापडाचा लहानसा तागा काखोटीस मारून तो बाजारात मिळेल त्या भावास विकणे, एवढेच विणकराच्या हाती उरे. मुंबई सरकारच्या लेबर ऑफिसने १९२०च्या दशकात दंड आणि पगारकपातीची चौकशी केली, त्यानंतर शाही श्रम आयोगापुढेही हा विषय आला, आणि या साऱ्या घडामोडींनंतर १९३६ साली पगार देण्यासंबंधीचा कायदा संमत झाला. या कायद्याने दंडास लगाम घातला: ज्या कृत्यांबद्दल दंड करावयाचा त्यांची यादी आधी मंजूर करून कामगारांच्या नजरेस पडेल अशी लावली पाहिजे; दंड करण्यापूर्वी कामगाराचे म्हणणे ऐकून घेतले पाहिजे; दंडाची रक्कम पगाराच्या रुपयामागे अर्ध्या आण्याहून अधिक असता कामा नये; पंधरा वर्षांखालील मुलास दंड करता येणार नाही; आणि जमलेला पैसा दप्तरी नोंदवून कामगारांच्या हितासाठीच खर्चला पाहिजे.

कापडाच्या दर्जाच्या इतिहासात या कायद्याचे स्थान मोठे आहे, असे माझे मत आहे, जरी या विषयावरच्या तांत्रिक पुस्तकांत त्याचा उल्लेख सहसा आढळत नाही. दंड मोकळेपणी वसूल करता येतो तोवर कारखानदारास दोषाचे मूळ शोधण्याची गरजच भासत नाही. खराब कापडाची किंमत विणकराकडून वसूल झाली की हिशेब मिटला. तो मार्ग अरुंद झाला म्हणजे मग मालकाच्याही ध्यानात येऊ लागते की, धागा तुटतो तो पुष्कळदा खळ नीट न बसल्यामुळे; डाग पडतो तो मागाच्या तेलाचा; आणि उन्हाळ्याच्या कोरड्या दुपारी ताणे अधिक तुटतात ते विणकराच्या आळसाने नव्हे, तर हवेतील ओलावा कमी झाल्याने. सुती धाग्याचा हा स्वभाव आहे की, ओलावा मिळाला म्हणजे तो बळकट होतो आणि कोरडा पडला म्हणजे ठिसूळ बनतो. मुंबईच्या सागरी हवेने कापडधंद्यास जो हात दिला त्याचे एक कारण हेच होय.

दोष आणि त्याचे कारण यांचा असा संबंध गणिताच्या भाषेत मांडण्याचे श्रेय अमेरिकेतील वॉल्टर शूहार्ट यांच्याकडे जाते. टेलिफोनची यंत्रसामग्री बनविणाऱ्या उद्योगात काम करीत असता १९२४ साली त्यांनी आपल्या वरिष्ठांस एक लहानसा कागद सादर केला. त्यावर एक आलेख होता, मध्ये सरासरीची रेघ आणि वर-खाली मर्यादेच्या दोन रेघा. कोणत्याही उत्पादनात थोडाफार फरक पडणारच. तो या दोन रेघांच्या आत हेलकावत असेल तर ती त्या प्रक्रियेची प्रकृती समजावी आणि त्यासाठी कोणा एका माणसास जबाबदार धरू नये. परंतु एखादा बिंदू रेघेबाहेर गेला तर तेथे काहीतरी विशेष घडले आहे असे मानून त्या कारणाचा तत्काळ माग काढावा, असे त्यांचे प्रतिपादन होते. वरवर साध्या वाटणाऱ्या या विचारात फार मोठी नीती दडलेली आहे. ज्या दोषाचे मूळ एकंदर व्यवस्थेत आहे, तो दूर करणे व्यवस्था चालविणाऱ्याचे काम आहे. त्याबद्दल मागापाशी किंवा शिलाईयंत्रापाशी बसलेल्या माणसास शिक्षा केल्याने दोष तर जात नाहीच, उलट तो लपविण्याची विद्या तेवढी वाढीस लागते.

१९४७-४८च्या हिवाळ्यात, म्हणजे स्वातंत्र्य नुकतेच पदरात पडले असता, प्रा. प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या निमंत्रणावरून हे शूहार्ट हिंदुस्थानात आले आणि येथील उद्योगांस त्यांनी संख्याशास्त्रीय गुणनियंत्रणाचा परिचय करून दिला. या शास्त्राचा अंगीकार करण्यात कापडधंदा मागे राहिला नाही. अहमदाबादेत १९४७ साली, वरळीस १९५० साली आणि मग १९५४ साली मुंबईच्या सुती गिरण्यांसाठी अशा संशोधनसंस्था एकामागून एक स्थापन झाल्या. यांपैकी शेवटची संस्था म्हणजेच आरंभी उल्लेखिलेली घाटकोपरची संस्था होय. पुढे संसदेने १९६३ साली टेक्स्टाइल्स कमिटीचा कायदा केला, आणि १९६४ साली अस्तित्वात आलेल्या या कमिटीचे मुख्य कार्यालय प्रभादेवीस थाटण्यात आले. कापडाची प्रमाणे ठरविणे, प्रयोगशाळा चालविणे आणि मालाची तपासणी करणे ही कामे तिच्याकडे सोपविली गेली.

कापडाच्या प्रयोगशाळेत पहिल्यानेच शिरणाऱ्यास तेथील हवा जाणवते. आपल्या देशातील प्रमाणाप्रमाणे चाचणीच्या दालनाचे तापमान २७ अंश सेल्सिअस आणि सापेक्ष आर्द्रता ६५ टक्के राखावी लागते, आणि तपासावयाचे कापड त्या हवेत पुरेसा वेळ मोकळे पसरून ठेवल्याखेरीज त्यास हात लावला जात नाही. कारण जुलैच्या मुसळधार पावसात आणलेले कापड आणि जानेवारीच्या कोरड्या दिवशी आणलेले तेच कापड यांची ताकद आणि वजन वेगवेगळे भरते. मग एक गोल पाते असलेले उपकरण कापडावर दाबून फिरवितात आणि नेमकी १०० चौरस सेंटिमीटरची चकती कापून काढतात; तिचे वजन ग्रॅममध्ये करून शंभराने गुणले की चौरस मीटरचे वजन हाती येते. दुसऱ्या टेबलावर रंगाची कसोटी चालू असते: पांढऱ्या सुती कापडाचा लहानसा चौकोन एका खुंटीस बांधून तो रंगीत कापडावर दहा वेळा घासतात, प्रथम कोरडा, मग ओला, आणि त्या पांढऱ्या तुकड्यास जो रंग लागला तो करड्या छटांच्या पट्टीशी ताडून एक ते पाच असा अंक देतात. पाच म्हणजे रंग मुळीच उतरला नाही. एक म्हणजे असा कपडा घालून गादीवर बसूसुद्धा नये. गडद निळ्या आणि तांबड्या कापडाची कोरडी परीक्षा उत्तम उतरते आणि ओली परीक्षा दगा देते, हा नित्याचा अनुभव आहे. घामाने चिंब होणाऱ्या लोकलच्या प्रवाशाने तो स्वतःच्या बनियनवर पुष्कळदा घेतलेला असतो.

काही कसोट्या डोळ्यांना न दिसणाऱ्या दोषांच्या असतात. अॅझो वर्गातील काही रंगांचे विघटन होऊन कर्करोगास कारणीभूत होणारी अमाइन द्रव्ये निर्माण होतात, असे निष्पन्न झाल्यावर जर्मनीने १९९४ साली अंगाशी येणाऱ्या वस्तूंत त्यांचा वापर निषिद्ध केला. निर्यातदारांची तेव्हा मोठी तारांबळ उडाली. रंगवणाऱ्याकडून लेखी हमी घ्यावी, माल प्रयोगशाळेत पाठवावा, दाखला आल्याखेरीज पेट्या बंद करू नयेत, असा नवा क्रम सुरू झाला. भारत सरकारनेही १९९७ साली अशा रंगांवर बंदी घातली, आणि २००२ साली युरोपीय संघाने आपल्या सर्व सदस्य देशांसाठी तोच नियम केला.

आता प्रयोगशाळेतून निघून गाळ्यात जाऊ. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी किंवा आणखी दूरच्या गावाहून ताके येतात आणि ते प्रथम तपासणीच्या उतरत्या फळीवरून, मागे दिवा लावून, हळूहळू सरकविले जातात. दोषांस गुण देण्याची जगन्मान्य रीत अशी की, तीन इंचांपर्यंतच्या दोषास एक, सहा इंचांपर्यंत दोन, नऊ इंचांपर्यंत तीन आणि त्याहून लांब दोषास चार गुण द्यावयाचे. एका वारात चारांपेक्षा अधिक गुण द्यावयाचे नाहीत. आणि शंभर चौरस वारांमागे गुणांची बेरीज चाळिसाच्या वर गेली तर तो ताका सामान्यतः नाकारावयाचा. येथे गुण जितके अधिक तितका माल वाईट. तपासनीस सापडलेल्या दोषापाशी काठावर छोटा रंगीत धागा किंवा चिकटपट्टी लावतो, म्हणजे कटिंग मास्टरास तो भाग टाळता येतो. पुष्कळ लहान गाळ्यांत ही फळीच नसते. ताका सरळ टेबलावर उलगडून थर लावले जातात, आणि मग जो डाग दहा रुपयांच्या श्रमाने आधी सापडला असता, तो शिवून, काज-बटण करून, इस्त्री केलेल्या शर्टाच्या ऐन छातीवर प्रकट होतो.

कटिंगच्या टेबलावरील एक बारकावा सांगण्याजोगा आहे. एकाच रंगाच्या दोन ताक्यांत, किंबहुना एकाच ताक्याच्या दोन टोकांतही, छटेचा सूक्ष्म फरक असू शकतो. तेव्हा कापलेल्या प्रत्येक थरास क्रमांक घालून त्या थराचे पुढे, पाठ, बाह्या, कॉलर आणि कफ यांवर एकाच आकड्याचे लहानसे कागदी लेबल चिकटविले जाते, आणि शिवताना सतरा क्रमांकाच्या पाठीस सतराचीच बाही लावावयाची असा दंडक असतो. छटा पाहण्यासाठी एक पेटी असते. तिच्यात कृत्रिम दिवसाचा उजेड आणि दुकानातील नळीदिव्याचा उजेड आळीपाळीने लावता येतो, कारण दोन तुकडे एका उजेडात तंतोतंत जुळतात आणि दुसऱ्या उजेडात फटकून दिसतात, हा भौतिकशास्त्राचा चमत्कार रंगविलेल्या कापडात फार आढळतो. खिडकीपाशी पसंत केलेला शर्ट दुकानाच्या दिव्याखाली बाहीपुरता वेगळा दिसला, म्हणून संपूर्ण माल परत आला, असे प्रसंग या धंद्यात घडलेले आहेत.

शिवणकामाच्या रांगेतील प्रश्न केवळ कौशल्याचा नाही, तो गुणाकाराचाही आहे. एक शर्ट तयार होताना चाळीसएक कामे वेगवेगळ्या हातांखालून जातात, असे धरू. आणि प्रत्येक कारागीर इतका कुशल आहे की शंभरांतील नव्याण्णव वेळा त्याचे काम निर्दोष उतरते, असेही मानू. तरीही चाळीस कामांअंती संपूर्ण निर्दोष शर्ट निघतील ते शंभरात सुमारे ६७ च. म्हणजे कोणाचीही विशेष चूक नसता तिसरा हिस्सा माल सदोष ठरेल! हा हिशेब ज्याने एकदा मांडून पाहिला, तो रांगेच्या शेवटी चेकर बसवून निश्चिंत होणार नाही. तो रांगेच्या मध्येच, दोष घडत असताच, त्यास गाठील. म्हणून चांगल्या कारखान्यांत फिरता तपासनीस अवचित वेळी प्रत्येक यंत्रापाशी जाऊन सात पीस उचलतो, टाके मोजतो, शिवणीची दुमड पाहतो, आणि यंत्रावर हिरवे, पिवळे किंवा लाल कार्ड टांगतो. लाल कार्ड म्हणजे यंत्र थांबवावयाचे, ताण, सुई, धागा यांचा पडताळा पाहावयाचा, आणि त्या वेळेपर्यंत शिवलेले बंडल पुन्हा तपासावयाचे. विणलेल्या बनियन-टीशर्टाच्या कापडावर टोक बोथट झालेली सुई चालली तर ती फास बाजूस सारण्याऐवजी धागाच तोडते. छिद्र त्या दिवशी दिसत नाही, पहिल्या धुलाईत उघडे पडते. अशा छिद्राबद्दल कारागिरास बोल लावण्याने काय साधणार? सुई बदलण्याची वेळ कोणी ठरवून दिली होती का, हा खरा प्रश्न होय.

सुईवरून आठवले; मोडलेल्या सुईची वही ही या धंद्यातील मला सर्वांत आदरणीय वाटणारी दप्तरनोंद आहे. सुई मोडली की कारागिराने हात थांबवावयाचा, यंत्राखालचे, मांडीवरचे, कापडाच्या घडीतले सर्व तुकडे गोळा करावयाचे आणि ते घेऊन सुपरवायझरकडे जावयाचे. तो ते तुकडे वहीच्या पानावर एकास एक जुळवून पारदर्शक पट्टीने चिकटवितो, शेजारी तारीख, वेळ आणि यंत्राचा क्रमांक लिहितो, आणि सुई टोकापासून दांड्यापर्यंत पूर्ण जुळली तरच नवी सुई हाती देतो. टोकाचा एक कण जरी सापडला नाही, तरी ते बंडल बाजूस काढून धातुशोधक यंत्राखालून नेले जाते. त्या पानांवर ओळीने चिकटलेल्या सुया पाहिल्या म्हणजे, सातासमुद्रापलीकडील ज्या तान्ह्या मुलाच्या अंगावर ते झबले चढणार आहे, त्याची काळजी साकीनाक्याच्या दुसऱ्या मजल्यावर कोणीतरी इमानाने वाहिली आहे, याचा प्रत्यय येतो.

माल तयार झाल्यावर खरेदीदाराचा तपासनीस येतो. तो सर्व कपडे पाहत नाही, शितावरून भाताची परीक्षा करतो. मात्र शिते किती घ्यावयाची हे त्याच्या मर्जीवर नसते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकी सैन्याच्या खरेदीसाठी जी नमुनातपासणीची कोष्टके तयार झाली, त्यांचीच पुढील आवृत्ती आज आंतरराष्ट्रीय प्रमाण म्हणून चालते, आणि भारतीय मानकांत ती ‘आयएस २५००’ या क्रमांकाने आहे. समजा ३,००० शर्टांचा लॉट आहे. कोष्टकाप्रमाणे त्यातून १२५ शर्ट काढावयाचे. प्रचारात असलेली, शेकडा अडीच सदोष मालाची पातळी लावली तर त्यांत मोठे दोष असलेले सातपर्यंत सापडल्यास लॉट मंजूर, आठ सापडल्यास नामंजूर. किरकोळ दोषांसाठी चारची पातळी घेतात, तेथे दहापर्यंत क्षम्य आणि अकरावा लॉटास भोवतो. मोडक्या सुईचा तुकडा किंवा तत्सम घातक दोष एकही चालत नाही.

या कोष्टकावर व्यापाऱ्यांची अतोनात श्रद्धा असते, म्हणून त्याची मर्यादाही सांगितली पाहिजे. वरील नियमाने, ज्या लॉटमध्ये शंभरात पाच शर्ट सदोष आहेत, तोसुद्धा दहापैकी सुमारे सात वेळा मंजूर होऊन जाईल. संभाव्यतेचे गणित तसे स्पष्ट सांगते. शंभरात दहा सदोष असलेला लॉट मात्र क्वचितच निसटतो. म्हणजे कोष्टक अगदी वाईट माल अडविते, मध्यम वाईट माल बहुधा सोडून देते. शिवाय भात एकाच पातेल्यात, एकाच आचेवर शिजतो. शर्टांचे तसे नसते. आठ यंत्रांवरचे काम चोख आणि नववे बिघडलेले असेल, तर त्या नवव्या यंत्राचा माल ज्या पेट्यांत गेला त्या पेट्या उघडल्या गेल्या पाहिजेत, नाहीतर परीक्षा फसली. म्हणून कोणत्या पेट्या उघडावयाच्या, हे कारखानदाराने नव्हे, तपासनिसाने स्वतः ठरवावयाचे असते. आणि हे सर्व सांभाळूनही एक गोष्ट उरतेच: तपासणीने लॉट अडविता येतो, चांगला करता येत नाही.

येथे मला पुन्हा त्या १९३६च्या कायद्याकडे वळावे लागते. गाळ्यांतील पुष्कळसा कारागीर आज पीसरेटवर काम करतो. उत्तर प्रदेश-बिहारातून आलेला, गाळ्यातच किंवा लगतच्या वस्तीत राहणारा, आणि ठेकेदारामार्फत कामास लागलेला. त्याने शिवलेला पीस ‘आल्टर’ म्हणून परत आला, तर उसवून पुन्हा शिवण्याचे काम त्यास अनेक ठिकाणी फुकट करून द्यावे लागते. दंडाची वही नाही, यादी नाही, त्याचे म्हणणे ऐकणे तर नाहीच. कापड विरळ होते म्हणून शिवण सरकली की यंत्राचा ताण चुकला म्हणून टाका सुटला, हे पाहण्याच्या आधीच त्याची तासाभराची मजुरी गेलेली असते. धागे कापावयास बसणाऱ्या बायकांचीही हीच कथा; कात्रीचे टोक लागून कापडास बारीक छेद गेला की त्या पिसाचे पैसे बुडतात, मग दिवा कितीही मंद असो. गिरणीच्या विणकरावरील जो अन्याय दूर करावयास चौकशा आणि आयोग लागले, तो नाव बदलून शिलाईच्या धंद्यात नांदतो आहे, आणि माझ्या मते आपल्या कपड्यांच्या दर्जाची प्रगती खुंटण्याचे हे एक मुख्य कारण आहे. दोष दाखविल्यास मजुरी बुडते हे ज्यास ठाऊक आहे, तो दोष दाखवील कशाला? तो बंडलाच्या मध्ये तो पीस सारून देईल, आणि शूहार्टच्या आलेखावर येणारा प्रत्येक बिंदू खोटा ठरेल. आल्टरच्या वेळेची मजुरी देऊन, त्याबरोबर दोषाचे कारण लिहून घेणारा कारखानदार तोट्यात जाईल असे मला वाटत नाही. महिन्याभरात कोणते यंत्र, कोणता ताका आणि कोणती घाई आपला पैसा खाते, हे त्यास त्याच नोंदीवरून कळेल.

निर्यातीचा माल इतक्या गाळण्यांतून जातो. घरच्या बाजाराचे काय? आपल्याकडे साध्या शर्टास किंवा कुर्त्यास मानक ब्यूरोचे चिन्ह सक्तीचे नाही, आणि नामंजूर झालेल्या लॉटांतील कपडे लेबल कापून ‘एक्स्पोर्ट सरप्लस’ म्हणून लिंकिंग रोडच्या पदपथांवर विकावयास येतात. त्यांत काही निव्वळ शिलकीचा उत्तम माल असतो आणि काही सदोष असतो. विकणारा दोहोंस एकच भाव सांगतो. तेव्हा येथे तपासनीस ग्राहकालाच व्हावे लागते, आणि ते फारसे कठीण नाही. कपडा घेताना तो उलटा करावा. बगलेतील आणि आसनातील शिवणीच्या दोन्ही बाजूंस हातांनी हलका ताण द्यावा. टाक्यांमधून उजेड दिसू लागला तर ती शिवण टिकावयाची नाही. इंचभर शिवणीवरील टाके मोजावेत. चांगल्या शर्टास बारा-चौदा तरी असतात. पांढऱ्या रुमालाचा कोपरा ओला करून आतल्या दुमडीवर घासावा. दोन्ही बाह्या एकावर एक ठेवाव्यात, आणि शर्ट दुकानाच्या दाराशी, दिवसाच्या उजेडात नेऊन त्याच्या कॉलरची छटा छातीशी ताडून पाहावी.

आणि एवढे करूनही घरी नेलेला कपडा पहिल्या धुलाईत आटला, विटला किंवा उसवला, तर तो पोतेऱ्यात टाकू नये. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याने सदोष वस्तूविरुद्ध दाद मागण्याचा हक्क आपणास दिलेला आहे, पण बहुधा तितके दूर जावेच लागत नाही. पावती घेऊन दुकानात जावे, काय बिघडले ते एका चिठ्ठीवर स्पष्ट लिहून कपड्यास टाचावे, आणि ती चिठ्ठी कपडा बनविणाऱ्यापर्यंत धाडा असा आग्रह धरावा.